चंपतची तयारी

चंपत काविळीनं गेला तेव्हा त्याचं रशियाला जायचं पत्र येऊन आठच दिवस झाले होते. यादीत त्याच्या खालचं नाव तेजरामचं. भिलाईचा पोलाद कारखाना अजून उभा राहत होता. भट्टीचं काम शिकायला माणसं तिकडे पाठवायची होती, जागा रिकामी ठेवून चालणार नव्हतं. तेरावं उरकलं आणि साहेबांनी तेजरामला बोलावून कागद हातात दिला. महिन्याभरात तयारी कर म्हणाले.

दोघं तिरोड्याकडच्या एकाच गावचे. एकाच दिवशी भिलाईत आलेले, रुआबांध्याच्या एकाच झोपडीत राहिलेले. कागद घेताना तेजरामला चोरी केल्यासारखं वाटलं. पण त्यानं घेतला.

मे महिना. अंगाची लाही होत असताना तो दुर्गला बाबाराव शिंप्याकडे लोकरी कोटाचं माप देऊन आला. आठवड्यानं कोट घालून बघितला, तर बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या.

"हे काय जी बाबाराव? झबलं शिवलं का मले?"

"तुमच्याच माणसानं सांगतलं. म्हणे, बाह्या लांब ठेवा, तिकडं बरफ पडते."

"कोणता माणूस? मी तर एकटा आलतो."

बाबारावांनी चष्म्यावरून पाहिलं. "गंमत करता का? तुमच्या मागंच तर उभा होता. उंच, किडकिडीत. मी म्हटलं बी त्याले, दवा घे बाबू, डोळे हळदीसारखे झाले तुहे."

तेजराम कोट तिथंच टाकून बाहेर पडला. शिंपी म्हातारा झाला, नजर अधू झाली, अशी त्यानं मनाची समजूत घातली. पासपोर्टचे फोटो आणायचे होते म्हणून तसाच स्टेशनजवळच्या फोटोवाल्याकडे गेला. फोटोवाल्यानं पाकीट दिलं आणि ओशाळून म्हणाला, "आपके तो अच्छे आए, भैया. आपके दोस्त का दो बार खींचा, दोनों बार खाली कुर्सी आई."

त्यानं निगेटिव्हची काच उजेडाला धरून दाखवली. नुसती रिकामी खुर्चीच होती. तिच्या पायाशी मात्र दोन चपला जोडीनं, नीट काढून ठेवलेल्या होत्या.

तेजरामनं सायकल थेट बोरसीला घातली. चंपतची आई, गयाबाई, तिथं एका खोलीत राहायची. ती पत्र्याची पेटी पुढ्यात घेऊन बसली होती. चंपतचे सदरे घडी करून ठेवत होती, वर जवसाच्या चटणीची पुरचुंडी.

"माय, हे कोणासाठी?"

"चंपतसाठी. रोज दुपारी येते. दारातूनच इचारते, माय, पेटी भरली का?"

"माय... तो गेला ना."

"मले मालूम हाय. म्याच पाजलं शेवटचं पाणी." तिनं सदऱ्याची बाही दुमडली. "त्याले मालूम नाही."

बाहेरची झळ एकाएकी थांबली. उंबऱ्यावर सावली पडली आणि लांबत पेटीपर्यंत आली. दारात कोणीच नव्हतं. गयाबाईचा चेहरा मात्र उजळला. तिनं लगबगीनं डोईवरचा पदर सारखा केला.

तेजराम उठला आणि रिकाम्या दाराकडे पाहून म्हणाला, "चंपत, तू मेला रे. तुह्या जागी मी जाऊन राहिलो. माफ कर मले."

सावली बराच वेळ हलली नाही. मग चुकून भलत्याच घरी आलेला माणूस मागे फिरतो, तशी ती हळूच निघून गेली.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं. देवीची लस टोचून झाली, बाह्या आखूड झाल्या, तेजरामबरोबर आणखी कोण आहे असं कुणी विचारलं नाही. त्याला शांत झोप लागू लागली. निघायच्या आदल्या दिवशी तो गयाबाईच्या पाया पडायला गेला. ती दारातच बसली होती.

"माय, उद्या जाऊन राहिलो."

तिनं पाय आखडून घेतले. "वीस दिवस झाले," ती रस्त्याकडे बघत म्हणाली. "नाही आला. कावून सांगतलं रे तू त्याले? येत तर होता."

दुसऱ्या दिवशी दुर्ग स्टेशनावर गाडी सुटेपर्यंत तेजराम डब्याच्या दारात उभा राहिला. गर्दीत कोणी उंच माणूस दिसतो का, ते पाहत होता. तसा कोणी नव्हता.