महालिंगअप्पांचा बिनब्रेकचा हंगाम

पेचकसाची लाकडी मूठ कानामागच्या हाडाला टेकवून आणि त्याचं पोलादी टोक धडधडत्या इंजिनाच्या अंगावर ठेवून महालिंगअप्पा डोळे मिटत, तेव्हा लातूरच्या रेणापूर नाक्यावरचा सारा कोलाहल त्यांच्यापासून दोन पावलं मागे सरे. ऑटोंचे कर्णे, एसटीच्या वाहकाची शिटी, डाळमिलच्या पट्ट्याची अखंड फडफड, हे सगळं असूनही नसल्यासारखं होई. पत्र्याच्या भोकातून उतरलेली उन्हाची एक काडी त्यांच्या कपाळावरच्या विभूतीवर स्थिरावे, आणि लोखंडाच्या पोटात कुठे काय दुखतंय ते त्या म्हाताऱ्या हाडाला कळून जाई. "वॉल बोलायलाय," एवढंच म्हणत; वॉल म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह. मग हात कामाला लागत.

मी पहिल्यांदा त्यांच्या गाड्या दुरुस्तीच्या दुकानात गेले ती भांडायला. माझं काम पत्रकं वाटण्याचं. उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा का नाही, दुचाकीस्वाराच्या डोक्यावर हेल्मेट का नाही, ब्रेक संपलेल्या गाड्या रस्त्यावर सोडणाऱ्यांना झोप कशी लागते, असले प्रश्न मी ठळक टायपात छापते आणि लोकांच्या हातात कोंबते. मवाळ बोलायला मला कुणी शिकवलेलं नाही, मला ते शिकायचंही नाही. पोरांचा पहिला नंबर यावा म्हणून आख्खं लातूर राबतं, आणि तीच पोरं एका गाडीवर तिघं, उघड्या डोक्यानं क्लासला जातात. हे बघून माझं डोकं फिरतं. अप्पांनी माझं पत्रक ग्रीस लागू नये म्हणून चिमटीत धरून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, दुकानाच्या भिंतीवर डकवलं आणि म्हणाले, "तुझं बरोबर हाय, बाई. पण माझा बसू तिकडं ज्या गाड्यांवर काम करायलाय, त्यांना ब्रेकच न्हाई."

मला वाटलं, थट्टा करतायत.

थट्टा नव्हती. बसवराज हा अप्पांचा एकुलता एक मुलगा. इंग्लंडला इंजिनांचं शिकायला गेला आणि तिथल्या मोटरसायकल शर्यतींच्या मातीत रुतला. त्या खेळाला स्पीडवे म्हणतात. त्याच्या सर्वांत वरच्या लीगमध्ये येन्स नावाचा एक डॅनिश पोरगा एका संघाकडून धावायचा, आणि येन्सच्या गाड्या बसू सांभाळायचा. लंबवर्तुळाकार भुसभुशीत मातीवर चार स्वार, चार फेऱ्या, अवघा मिनिटभराचा खेळ. एकच गिअर, ब्रेक नाही. वळण आलं की वेग आवरायचा नाही. मागचं चाक मुद्दाम निसटू द्यायचं, पुढचं उलट्या दिशेला वळवायचं, आणि डाव्या बुटाचा पोलादी तळवा जमिनीवर घासत नेत मृत्यूच्या अंगाला अंग लावून पलीकडे निघायचं. एका संध्याकाळी अशा पंधरा शर्यती. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला शून्य. वसंतात सुरू झालेला हंगाम शरदात संपायचा.

मी अप्पांना तोंडावर सांगितलं, की हा खेळ नाही, तिकीट लावून केलेला गुन्हा आहे.

अप्पा हसले. "एकाला ब्रेक असता तर मागचा त्याच्या अंगावर आला असता. कुणालाच न्हाई, म्हणून सगळे सारखे."

मला हे पटलं नाही. आजही पुरतं पटलेलं नाही. पण त्या दिवसापासून नाक्यावरून जाताना माझी पावलं दुकानाकडे वळू लागली, आणि एका परक्या देशाचा हंगाम आमच्या उन्हापावसात गुंफला गेला. तिकडची संध्याकाळ म्हणजे आमची मध्यरात्र. अप्पा मुद्दाम झोपून घेत. सकाळी दुकान उघडून, उदबत्ती लावून, हात धुऊन ते मोबाईल हाती घेत, आणि निकालाच्या तक्त्यात येन्सचं नाव शोधत. वैशाखात डांबर पातळ होई आणि तिकडून बसूचा निरोप येई, की पावसामुळे सामना रद्द. त्या दिवशी अप्पांचा चेहरा भिजल्यासारखा निवे. पाण्यासाठी आयुष्यभर आभाळाकडे बघितलेला माणूस साता समुद्रापार पडलेल्या पावसावर खूष होत होता, कारण त्या पावसानं एक दिवस कुणालाच धावू दिलं नव्हतं.

बसूचे हात म्हणजे अप्पांचेच हात, दुसऱ्या देशात गेलेले. साखळी ताणताना तिला बोटभर ढील ठेवायची, ती बोटानंच मोजायची, मापपट्टीनं नाही, हे त्याला अप्पांनी शिकवलं होतं. आणि दुरुस्त झालेली गाडी गिऱ्हाइकाला देण्याआधी स्वतः चालवून बघायची. "आपल्या हातची गाडी आधी आपल्याला पाडू दे," असं ते म्हणायचे. येन्सची गाडी बसूला अशी चालवून बघता येत नव्हती. तिकडच्या त्या शर्यतीच्या मातीवर स्वार सोडून कुणाला जाऊ देत नाहीत. ही एकच गोष्ट अप्पांना हंगामभर टोचत राहिली.

मग आषाढातली ती सकाळ आली. अप्पांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. "बघ गं, हे काय लिवलंय?" येन्सच्या नावापुढे तीन होता, दोन होता आणि मग इंग्रजी एफ. मी क्षणभरसुद्धा थांबले नाही. थांबणं माझ्या स्वभावात नाही. "अख्ख्या सामन्यात फर्स्ट असणार, अप्पा. आणखी काय?" या गावात पहिल्या नंबराखेरीज दुसरं काही कुणाच्या मनात येतं का? अप्पांनी पेढे मागवले. नाक्यावरच्या ओळीतल्या सगळ्या दुकानांना वाटले. पंक्चरवाले शेखभाई दोन पेढे एकदम तोंडात टाकत म्हणाले, "क्या अप्पा, बेटे ने गोरों को भी पीछे छोड़ दिया!" अप्पा लाजले. सत्तरीच्या माणसाला लाजताना मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं.

दुपारी बसूचा फोन आला. एफ म्हणजे पडला. पडण्याला इंग्रजीत ‘फॉल’ म्हणतात, त्याचं पहिलं अक्षर.

येन्स तिसऱ्या वळणावर पडला होता. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, बरगड्यांना मार होता, आणि तो शुद्धीवर यायला वेळ लागला होता. बसू रडत नव्हता, पण त्याचा आवाज कोरड्या विहिरीतून आल्यासारखा येत होता. "अप्पा, मागचं चाक एकदम धरल्यावानी झालं म्हणायलेत. साखळी मीच ताणली होती, जास्ती आवळली गेली असंल."

अप्पांनी फोन ठेवला आणि आपल्या तळहाताकडे पाहिलं. त्या पाहण्यात जे होतं ते मी कुठल्याच पत्रकात लिहू शकणार नाही.

त्यानंतरचे आठवडे दुकान चालू होतं, पण त्यातला ध्वनी गेला होता. पेचकस कानाला लागेना. आलेल्या प्रत्येक गाडीची साखळी ते तीनतीनदा तपासत, बोटावर विश्वास न ठेवता मापपट्टी लावत, आणि तरीही गिऱ्हाइकाला चावी देताना हात आखडत. आषाढाचं करडं, ओलसर आभाळ नाक्यावर वाकलं होतं, आणि त्याच्याखाली हा माणूस सावली नसलेल्या झाडासारखा उभा होता. शेखभाईंनी एकदा मन हलकं करायला म्हटलं, "अप्पा, पेढे वापस करूं क्या?" कुणी हसलं नाही. शेखभाई स्वतःसुद्धा.

मी मात्र पेटले होते. चूक माझी होती, ती मला जाळत होती, आणि माझ्यासारखी माणसं स्वतःची आग दुसऱ्यावर फेकतात. "बोलवून घ्या बसूला," मी म्हणाले. "ब्रेक नसलेल्या गाड्या बनवायच्या, पोरांना त्यावर बसवायचं आणि दोष पान्हा धरणाऱ्याला! कशाला राहायचं तिथे?"

अप्पा म्हणाले, "बोलवू? आणि तो पोरगा पडलाय दवाखान्यात, त्याची माय दुसऱ्या मुलखात. त्याच्या उशाशी कोण बसंल?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चूक असंल तर ती तिथंच उभं राहून ऐकावी लागती. पळून आला तर ती जल्मभर मागं येती."

मी पत्रकांचा गठ्ठा उचलला आणि वाद न घालता निघाले. माझ्या आयुष्यात ही घटना दुर्मीळ आहे.

श्रावणातला सोमवार होता. अप्पांचा उपास. ढगांच्या फटीतून ऊन मधूनच सांडत होतं आणि दुकानासमोरचं डबकं सोन्यासारखं उजळून विझत होतं. दुपारी फोन वाजला, या वेळी चेहऱ्यासकट. पडद्यावर बसू होता. त्याच्या हातात काळीभोर, तेलकट साखळी लोंबत होती, एकही कडी न तुटलेली. त्यानं ती कडीकडीनं फिरवून दाखवली. गाडी उघडून तपासली होती, शर्यतीची चित्रफीत थांबवथांबवून पाहिली होती. मागून आलेल्या स्वाराचं पुढचं चाक येन्सच्या मागच्या चाकाला घासलं होतं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. साखळीचा काही संबंध नव्हता.

"ढील किती होती?" अप्पांनी विचारलं.

"बोटभर, अप्पा."

पडद्याच्या कडेतून झोळीत हात अडकवलेला एक पिंगट केसांचा पोरगा डोकावला. तो काहीतरी म्हणाला, बसू हसत मराठीत सांगू लागला. "म्हणतोय, ह्याच्या हातची गाडी असंल तरच मी परत बसणार." मग बसूनं त्याला पेढ्यांची गोष्ट सांगितली असावी, कारण येन्स बरगड्या धरून हसू लागला, वेदनेनं तोंड वाकडं करत, तरी न थांबता. त्याचं म्हणणं बसूनं पोचवलं, "विचारतोय, पडल्यावर एवढं देता, तर जिंकल्यावर काय देता?"

"म्हणावं, आधी नीट बस," अप्पा म्हणाले. "आणि त्या बाईला दोष देऊ नको म्हणावं. तिला पहिल्याशिवाय दुसरा नंबर ठाऊकच न्हाई."

मला लाज वाटली आणि एकाच वेळी छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं. अप्पांनी फोन ठेवून तळहात धोतराला पुसला, भिंतीवरचा पेचकस काढला, आणि तीन दिवसांपासून खोळंबलेल्या एका मोटरसायकलीच्या कुशीला लावून डोळे मिटले. "वॉल न्हाई, टायमिंग," ते म्हणाले. शेखभाईंनी पलीकडून उगाच हवेचा पंप जोरानं सोडला. तो त्यांचा आनंद होता.

येन्स भाद्रपदात परत धावला. आश्विनात, नाक्यावरून सोयाबीनची पोती भरलेल्या गाड्या आडतीकडे जात असताना, हंगामाचा शेवटचा निकाल आला. त्यांचा संघ हरला होता. येन्सच्या नावापुढे दोन, एक, शून्य, एक. मी या वेळी तोंड उघडलं नाही. अप्पांनी स्वतः एकेका खुणेवर बोट ठेवत वाचलं आणि म्हणाले, "चार आकडे. अक्षर एक बी न्हाई." मग पायरीवर बसून त्यांनी पाय लांब सोडले. कोवळं, निर्दोष ऊन त्यांच्या पोटऱ्यांवर पसरलं होतं, आणि सहा महिने आवळून धरलेला सारा देह हळूहळू, बोटबोटभर, सैल होत होता.

मी अजून पत्रकं वाटते. ब्रेकवर, दिव्यांवर, हेल्मेटवर, त्याच ठळक टायपात. मात्र एखादं अक्षर छापण्याआधी आता त्याचा अर्थ विचारते. बसू या हिवाळ्यात येणार नाही. पुढच्या हंगामाची इंजिनं त्याला उघडायची आहेत. अप्पांनी त्याबद्दल तक्रार केलेली नाही. ते सकाळी दुकान उघडतात, हात धुतात आणि काहीच निकाल नसलेला मोबाईल हातात घेऊन थोडा वेळ तसेच उभे राहतात. तेव्हा मला वाटतं, दूर गेलेल्या माणसाचा वर्तमानकाळ आपल्या हाती कधीच लागत नाही. लागतो तो त्याचा नुकताच सरलेला भूतकाळ; आणि तो धडधाकट पोचला, की त्यालाच आपण आजचा दिवस म्हणतो.