खाली नावं कुठायत?

वसतिगृहातल्या पोरांना हल्ली एक नवंच खूळ लागलं होतं. कशालाच काही अर्थ नाही, शेवटी सगळ्यांना मातीतच जायचंय, असं म्हणत खिदळायचं आणि जगण्याबद्दल कुणी मनापासून बोललं की त्याची टर उडवायची. याला ती तत्त्वज्ञान म्हणत. आमच्या टार्नोवो शहरातल्या विद्यापीठात मानसशास्त्र शिकणारी रालित्साही त्यांच्यातलीच.

तिच्या वर्गातल्या कालिनने एकदा तासाला उभं राहून सांगितलं, की आपण कशासाठी जगतोय हेच आपल्याला कळेनासं झालंय. सांगताना त्याचा आवाज कापत होता. टोळीचा म्होरक्या स्विलेन, त्याला आयतंच सावज मिळालं. त्याने कालिनच्या नावाने निधनाचं पत्रक छापलं. काळी चौकट, मध्ये फोटो, खाली ‘अर्थ शोधता शोधता गेला’. आमच्याकडे माणूस गेला की असं पत्रक त्याच्या दारावर, खांबांवर, बसथांब्यावर लागतं. येणारा-जाणारा थांबून वाचतो. स्विलेनने ते जिवंत पोराच्या दारावर चिकटवलं! सगळे पोट धरधरून हसले. रालित्साही हसली.

कालिनने पत्रक पाहिलं, पण काढलं नाही. वर्गात यायचाही तो बंद झाला. रालित्सा बोलवायला गेली तेव्हा पलंगावरून न उठताच तो म्हणाला, “राहू दे ते दारावर. बरोबरच छापलंय.”

तिला स्वतःचीच शिसारी आली. याच तोंडाने आपण हसलो होतो! तिने गावातच राहणाऱ्या त्याच्या मावशीला फोन केला. तोतका मावशी होती तशी निघून आली.

दारापाशी थांबून मावशीने पत्रक वरपासून खालपर्यंत वाचलं. मग जमलेल्या पोरांकडे वळून विचारलं, “खाली नावं कुठायत?”

“कुणाची नावं?” एका पोराने विचारलं.

“तळाशी शोकाकुल म्हणून घरच्यांची नावं असतात ना? ती का नाही घातली?”

स्विलेन ओशाळं हसला. “गंमत होती हो, मावशी. आणि मरायचं तर सगळ्यांनाच आहे.”

“ते शेंबड्या पोरालाही कळतं, त्यात तुझी कसली अक्कल? अरे, हा कागद मेलेला वाचत नाही. मागे राहिलेले लावतात, हा आमचा होता असं गावाला सांगायला. तू नावांशिवाय लावलास. म्हणजे या पोराला काय सांगितलंस? की तू कुणाचाच नाहीस. तेही तो बुडत असताना. थू तुझ्या शिक्षणावर!”

स्विलेनची मान खाली गेली ती वर आली नाही. रालित्साने नखांनी खरवडून पत्रक काढलं, आत गेली आणि पलंगाशी जमिनीवर बसली.

“कालिन, मीपण हसले होते. मला माझीच किळस येतेय. पण तुला काही झालं तर मला चालणार नाही, एवढं ऐक.”

भिंतीकडे बघतच तो म्हणाला, “डॉक्टरांकडे जायला हवं, कळतं मला. एकट्याने नाही होत.”

“मग एकटा कशाला? ऊठ, बूट घाल,” मावशी दारातून म्हणाली.

वाचकहो, जगण्याचा हेतू भल्याभल्यांना सापडलेला नाही, तो विशीतल्या पोरांना लगेच कुठून सापडणार? पण ज्याला तो सापडत नाही त्याला हसणं ही विद्वत्ता नव्हे, तो नीचपणा आहे. असा कुणी दिसला तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. त्याच्या खोलीत जा, त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे जा, आणि तो आपला आहे हे त्याला जिवंतपणी सांगा.