मेंदीचा रिमोट

मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. टीव्हीला जोडून, जमिनीवर मांडी घालून दोघांनी खेळायचा. सध्या माझा मुक्काम जुन्नरमध्ये, काचेच्या कपाटात आहे. वरून पिवळा दिवा सोडलाय. येणारा-जाणारा म्हणतो, काय थाट आहे! कसला थाट, मित्रांनो? ज्याच्यावर मी जीव टाकला त्यानंच मला दगा दिला, तोही माझे लाड करता करता. तुम्हाला रडगाणं वाटलं तर वाटू द्या, पण आज मी सांगणारच.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. मला पांढऱ्या प्लॅस्टिकचं अंग मिळालं, दोन पांढरे रिमोट मिळाले आणि खेळ कुठवर आला ते लक्षात ठेवायला बोटाएवढं एक कार्ड मिळालं. तिथून मी दुबईच्या एका दुकानात गेलो. जुन्नरचे इब्राहिमभाई गाद्यांचे कारागीर. त्यांचा धाकटा भाऊ तेव्हा दुबईत कामाला होता. त्यानं मला घेतलं, दोन टॉवेलांत गुंडाळलं आणि पुतण्यांसाठी घरी आणलं.

घरात दोन मुलं होती. मोठी इफरा आणि धाकटा हमदान. तो तिला बाजी म्हणायचा, म्हणजे ताई. घरात ती सगळी दखनी बोलतात, पण मी तुम्हाला मराठीतच सांगतो. पहिल्याच दिवशी हमदाननं दोन्ही रिमोट छातीशी धरले आणि ओरडला, "माझं आहे!" इब्राहिमभाईंनी शांतपणे एक रिमोट काढून इफराच्या हातात दिला.

"रिमोट दोन आहेत ना? मग दोघं बसा. एकानं खेळायचं आणि दुसऱ्यानं तोंड बघायचं, हे माझ्या घरात चालायचं नाही."

झाला कायदा! एक जण घरात नसेल तर मी बंद. मला तो कायदा फार आवडायचा, कारण दोघं बसली की माझ्या कामाला रंग चढायचा. भांडणं काय, चिमटे काय, "वीज गेली म्हणून तू वाचलास" काय! ईदला निमगाव सावावरून हमदानचा शाळेतला दोस्त ऋषी यायचा. शीरखुर्मा पिऊन तो आपली पाळी येईस्तोवर दारात उकिडवा बसून राहायचा. मला हात लागावा म्हणून पोरं रांग लावायची. अहो, काय दिवस होते!

हमदान सीड्या जमवायचा. पुण्याला कुणी चाललं की त्याची फर्माईश ठरलेली. पण जमवलेली प्रत्येक सीडी तो खेळायचा. ओरखडा पडला तर शर्टाच्या टोकानं पुसायचा, फुंकर मारायचा आणि परत माझ्या पोटात घालायचा. त्यातली एक दोघांची जीव की प्राण होती. एक भाऊ आणि एक बहीण, दोघांनी मिळून सात दरवाजे उघडत जायचं. सातवा दरवाजा सगळ्यांत वाईट. दोघांनी आपापलं बटण एकदम दाबलं तरच तो उघडणार. एकानं घाई केली की गेलं सगळं पाण्यात. ही दोघं तिथवर कितीदा पोचली आणि कितीदा परत फिरली, मलाच माहीत.

मग इफराचं लग्न ठरलं. सासर घोडेगावचं. निकाहच्या आदल्या दिवशी दुपारी तिच्या हातांवर मेंदी काढली होती. घर पाहुण्यांनी भरलेलं आणि आमचा हमदान कोपऱ्यात तोंड फुगवून बसलेला. इफरानं त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चल, एक डाव."

"अगं बाई, मेंदी!" अम्मी ओरडली. इफरा कसली ऐकते! तिनं ओल्या हातानंच रिमोट उचलला. दोघं सातव्या दरवाजाशी पोचली आणि नेमक्या तेव्हाच तिला आत बोलावलं. तिनं खेळ तिथंच कार्डात साठवला.

"हा दरवाजा राहू दे. मी आले की दोघं उघडू. माझ्याशिवाय उघडायचा नाही. काय?"

"नाही उघडणार, बाजी."

"कसम घे."

"कसम."

रिमोटच्या मुठीवर तिच्या तळव्याचा तांबूस डाग पडला होता. हमदान फडकं घेऊन आला, तर ती म्हणाली, "राहू दे. म्हणजे हा माझा आहे हे ध्यानात राहील." मग ती गेली. तो किती तरी वेळ माझ्यासमोर बसून होता. मी चालू होतो, पण त्यानं बटणाला हात लावला नाही.

पुढची काही वर्षं त्यानं शब्द पाळला, हे कबूल केलं पाहिजे. इफरा यायची, पण कधी सासूबाई सोबत, कधी तान्ही अलिझा मांडीवर. घरात नवा चपटा टीव्ही आला आणि माझी लाल-पांढरी-पिवळी वायर त्याला लागेना. जुना फुगीर टीव्ही इब्राहिमभाईंच्या गादीच्या दुकानात गेला. तरी हमदान मला पुसायचा आणि मेंदीच्या रिमोटची वायर नीट गुंडाळून ठेवायचा. मी वाट बघत होतो, आणि तोही बघतोय असं मला वाटायचं.

आणि मग ऋषी तो पाहुणा घेऊन आला.

ऋषी आता चाकणला कंपनीत आहे. त्यानं बॅगेतून एक काळं यंत्र काढलं. मधे पडदा, दोन्ही बाजूंना बटणं. "हे बघ राव, आख्खा कॉम्प्युटर हाय हातात. तुझ्या समद्या सीड्या यात बसत्यात, तरी जागा उरती."

"माझा सात दरवाजांचा गेम चालेल?"

"चालंल म्हंजे? लई झकास चालंल! टीव्ही नको, वायर नको, सोबतीला कुणी बी नको."

सोबतीला कुणी नको! हे काय कौतुकानं सांगायचं असतं? पण हमदानचे डोळे लकाकले. थोड्याच दिवसांत त्यानंही तसलंच यंत्र आणलं. मग एसटीत खेळ, दुकानात कापसाच्या ढिगावर पडून खेळ, जेवताना ताटाशेजारी खेळ. माझ्या सीड्या एकेक करून त्या यंत्राच्या पोटात उतरवल्या आणि डब्यांत बंद झाल्या. मी म्हटलं, ठीक आहे, पोराला नवं काही मिळालंय, खेळू दे. त्या यंत्रावर माझा राग नाही, मित्रांनो. तेही बिचारं कुणाच्या तरी हातात राहायलाच जन्माला आलंय.

पण नंतर हमदानला नवाच नाद लागला. फोनवरच्या कुठल्याशा संग्राहकांच्या ग्रुपात तो शिरला. तिथं लोक आपापली जुनी यंत्रं काचेत मांडून फोटो टाकतात आणि एकमेकांना वाहवा देतात. कुणी खेळत नाही. खेळायला सगळ्यांच्या हातात ते काळं यंत्र आहेच. हमदान ऋषीला माझ्यासमोर म्हणाला, "जुना गेम आता खेळायचा नसतो रे, जपायचा असतो." मी जिता-जागता समोर बसलोय आणि हा माझी तसबीर करायला निघाला!

त्याच दिवशी त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. अगदी सहज.

"सातवा दरवाजा उघडला परवा. नारायणगावच्या एसटीत."

ऋषी चपापला. "आरं, पन त्याला दोघं लागत्यात ना?"

"यात लागत नाहीत. दोन्ही गडी एकालाच चालवता येतात. बटण एकच दाबलं की झालं."

"अन् इफराताईला सांगितलंस?"

"बाजीला कुठं वेळ असतो आता? तिच्या लक्षात तरी असेल का!"

माझ्या कार्डात तिचा डाव तसाच होता, दरवाजाशी थांबलेला. मला ओरडावंसं वाटलं. पण मला वीजच नव्हती, तर मी काय बोलणार?

ईद जवळ आली. अम्मीनं गच्चीवर खाटेवर शेवया वाळत घातल्या. त्यांच्या शेजारी माझं वाळवण पडलं. वर्षानुवर्षांत माझं अंग पिवळट झालं होतं. ग्रुपात कुणीतरी उपाय सांगितला होता: पार्लरमध्ये केसांचा रंग उडवायला वापरतात ते क्रीम फासा, वरून पातळ प्लॅस्टिक गुंडाळा आणि कडक उन्हात ठेवा. हमदाननं माझे स्क्रू काढले आणि अंगाला लेप दिला. मग रिमोट घेतले. मेंदीच्या डागावर त्यानं क्षणभर अंगठा ठेवला. वाटलं, आता तरी आठवेल. पण ग्रुपातल्या कुणी फोटो बघून लिहिलं होतं, "तेवढा डाग काढा, मग एक नंबर पीस." त्यानं त्या डागावर क्रीमचा जाड थर दिला. संध्याकाळी उघडून बघतो तर काय, दोन्ही रिमोट सारखेच पांढरेफेक! त्यानं खूष होऊन फोटो काढले. गच्चीवर इतका एकटा मी आधी कधी पडलो नव्हतो.

ईदच्या दिवशी इफरा अलिझाला घेऊन माहेरी आली. तिचं पहिलं वाक्य होतं, "माझा रिमोट कुठाय रे?"

विसरली होती म्हणे!

हमदाननं तोऱ्यात कपाट उघडलं. इफरानं दोन्ही रिमोट हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले. "यातला माझा कुठला?"

"दोन्ही सारखेच झालेत आता. नवेकोरे!"

ती मुठींवर अंगठा फिरवून डाग शोधत राहिली. तेवढ्यात अलिझानं शीरखुर्म्यानं माखलेला हात पुढं केला. हमदान ओरडला, "हात धुऊन ये आधी, डाग पडेल!"

इफरानं त्याच्याकडे असं बघितलं की मीच अंग चोरलं. मग हळू आवाजात म्हणाली, "चल, तो दरवाजा उघडू."

"अगं, याला नको काढू बाहेर. नव्या टीव्हीला लागत पण नाही. हे घे, यात आहे ना सगळं." त्यानं ते काळं यंत्र घाईघाईनं तिच्या हातात दिलं. पडद्यावर उघड्या दरवाजापलीकडे भाऊ आणि बहीण उभे होते.

"झाला उघडून?"

"हो म्हणजे... एसटीत, सहज."

"माझा गडी कुणी चालवला?"

"मीच."

तिनं यंत्र त्याला परत दिलं. मला, वायरीला, दोन्ही रिमोटना आणि सात दरवाजांच्या सीडीला पिशवीत भरलं, अलिझाचं बोट धरलं आणि थेट वडिलांना म्हणाली, "अब्बा, दुकानाची किल्ली घ्या."

ईद म्हणून दुकान बंद होतं. इब्राहिमभाईंनी शटर अर्धं वर केलं. जुना फुगीर टीव्ही अजून जिवंत होता. लाल, पांढरी, पिवळी, तिन्ही टोकं आपापल्या जागी बसली आणि किती वर्षांनी माझ्या अंगातून वीज फिरली! इफरानं नवा डाव मागितला. कार्डात जागा एकच होती. अशा वेळी मला एक प्रश्न विचारावाच लागतो, तो माझ्या घडणीतच आहे: जुना डाव पुसून टाकायचा का? हो किंवा नाही. विचारायचा नव्हता मला. तरी विचारला.

शटरखालून वाकून हमदान आत आला. पडदा बघितला आणि त्याचा चेहरा उतरला.

"बाजी, तो नको पुसू. आपण दोघं खेळू की. मी येतो ना."

"कसलं दोघं?" इफरा म्हणाली. "दरवाजापलीकडं काय आहे ते तू बघून बसलायस. मी आपली घोडेगावात वर्षानुवर्षं विचार करत होते. भाकऱ्या थापताना, अलिझाला झोपवताना. वाटायचं, तिकडं माझा भाऊ पण थांबलाय."

"बाजी..."

"शब्द दिला होतास रे."

तिनं 'हो' दाबलं. कार्डातून तो डाव गेला. मी किती जपला होता, तो गेला.

तिनं एक रिमोट अलिझाला दिला. हमदान तिसऱ्या जागी उभाच होता. त्यानं केविलवाणं वडिलांकडे बघितलं. इब्राहिमभाईंनी जवळची गादी थोपटली. "रिमोट दोनच आहेत, बेटा. बस इथं."

अलिझाच्या चिकट बोटांचे ठसे पांढऱ्या प्लॅस्टिकवर उमटत होते. हमदानचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला आणि तसाच परत आला. संध्याकाळपर्यंत मायलेकींनी दोन दरवाजे उघडले. पोरगी प्रत्येक वेळी घाई करायची आणि आई खळखळून हसायची.

तर मित्रांनो, मी परत काचेत आहे. अलिझाच्या बोटांचे ठसे कुणी पुसले नाहीत. पण ग्रुपात माझा फोटोही कुणी टाकला नाही. तुम्हाला एकच सांगतो. आम्हा जुन्या वस्तूंना पांढरं करून दिव्याखाली मांडू नका, आमच्यावर डाग पडू द्या. नवं यंत्र जरूर घ्या, मनसोक्त खेळा. पण ज्याच्याबरोबर डाव मांडलाय, त्याच्या माघारी तो संपवू नका.

मायलेकी येत्या सुट्टीत पुन्हा येणार आहेत. त्यांचे पाच दरवाजे राहिलेत. सातव्याच्या पलीकडं काय आहे ते हमदानला माहीत आहे, पण त्याला कुणी विचारत नाही.