घराण्याची धार

बाळ जन्मलं आणि घरात त्याची वाटणी सुरू झाली. नाक आत्यानं घेतलं, डोळे आजीनं, कपाळ बापानं. आईच्या वाट्याला काहीच उरलं नाही. तिच्याकडे ते नऊ महिने नुसतं ठेवायला दिलं होतं. पण खरे उपाशी राहिले ते आजोबा. बाळाचं एकही अंग त्यांच्यासारखं निघेना आणि म्हातारा कुढत चालला.

मग एका सकाळी लंगोट बदलताना त्यांना घबाड सापडलं. बाळ कुंथलं, लालबुंद झालं, आणि एवढ्या खटाटोपानंतर आलं काय, तर लघवीचा थेंब. मग आणखी एक थेंब.

"अगदी माझ्यासारखं!" आजोबा ओरडले. "बघा रे, घराण्याची धार!"

घरात आनंदीआनंद. आजोबा बाथरूममध्ये इतका वेळ घेत की त्यांचा मुलगा दाढी स्वयंपाकघरात करायचा. आजपासून तो खोळंबा नव्हता, परंपरा होती.

आईला मात्र हे पटेना. "बाबा, शेजारणीचं बाळ पार कॅलेंडरपर्यंत उडवतं."

"वळण नाही त्या घराला."

"याचं ओटीपोटही टम्म लागतंय हाताला."

"खात्यापित्या घरचं पोर आहे, सूनबाई!"

नवऱ्यानं दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या आणि मोबाईल चार्जिंगला लावला.

दुसऱ्या दिवशी बाळ तापलं. दूध तोंडात घेईना. आईनं कुणाला विचारलं नाही. पोर छातीशी धरलं आणि निघाली. मागून आजोबा धावले. डॉक्टरीणबाईंना घराण्याची माहिती द्यायला कुणी नको?

डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, सोनोग्राफी केली, नळीतून औषध सोडून एक्स-रे काढला.

"लघवीच्या वाटेत पातळ पडदे आहेत. जन्मतःच. मुलग्यांमध्येच होतं हे. लघवी अडून मागे मूत्रपिंडांवर दाब आलाय, दोन्ही सुजलीत. अजून थोडे दिवस घरी ठेवलं असतं तर..."

पुढचं त्या बोलल्या नाहीत. आईला ते नीट ऐकू आलं.

"पण माझंही असंच आहे," आजोबा म्हणाले.

"वय?"

"बाहत्तर."

"मग तुमची प्रोस्टेट ग्रंथी वाढली असेल. तुमचा आणि याचा काहीएक संबंध नाही."

नातवाशी असलेलं एकुलतं एक साम्य असं भर दवाखान्यात काढून घेतलं गेलं. आजोबा बाकावर जाऊन बसले.

आधी बारीक नळी घालून तुंबलेली लघवी काढली. ताप उतरला, रक्ताचे रिपोर्ट सुधारले, तेव्हा बारीकशी दुर्बीण आत घालून ते पडदे कापले. बाहेर टाका नाही, ओरखडा नाही. "मूत्रपिंडं मात्र वर्षानुवर्षं तपासत राहावी लागतील," डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

डॉक्टरीणबाईंनी नळी काढली त्या दिवशी सगळं घराणं दवाखान्यातल्या पाळण्याभोवती उभं राहिलं. आत्यासुद्धा! आईनं पाळण्याची दांडी घट्ट धरली होती. बाळानं जांभई दिली. ते कुंथलं नाही, लाल झालं नाही. आणि एक सणसणीत कमान उठली, कठड्यावरून पलीकडे गेली आणि भिंतीशी चार्जिंगला लावलेल्या मोबाईलवर उतरली.

"माझा फोन!" बाप किंचाळला.

आई हसता हसता रडायला लागली. मग पदरानं डोळे पुसून तिनं सगळ्यांकडे पाहिलं. "ही धार माझ्या माहेरची. कुणी हात लावायचा नाही."

आजोबांनी हरकत घ्यायला तोंड उघडलं, मिटलं, आणि ते हळूच डॉक्टरीणबाईंच्या जवळ सरकले.

"ती दुर्बीण," ते कुजबुजले, "मोठ्या मापात येते का हो?"