सात महिन्यांची दुरुस्ती

मास्तरांनी आयुष्यात कुणाला काहीही शिकवलं नव्हतं. शिंप्यांची शिलाई मशीनं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा, आणि रविवारी उपासनेत ऑर्गन वाजवणं ही सेवा. चर्चमध्ये कधीतरी कुणीतरी त्यांना 'मास्तर' म्हणालं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. बायको थट्टा करायची, "दुकानात पाय हलवता, चर्चमध्येही पायच हलवता. मास्तर कसले? पायडलवाले म्हणा."

बायको जाऊन तीन महिने झाले होते. तेव्हापासून ऑर्गनचं झाकण बंद होतं. दुःखातून सावरले की बसतील, असं मंडळीने आपापसात ठरवून टाकलं होतं आणि कुणी त्यांना टोकत नव्हतं.

मास्तरांना मात्र दुःख असं काही जाणवत नव्हतं. ते सकाळी उठत, दाढी करत, दुकान उघडत. मशीनच्या पोटातले धाग्यांचे गुंते चिमट्याने ओढून काढत. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल आपला असून आपला वाटत नाही, हात लावला तर लागतो पण कळत नाही, तसं त्यांचं सगळं अंगच झालं होतं. रविवारी ते घरीच बसत. कुणी विचारलं तर गुडघ्याचं निमित्त सांगत.

एका मंगळवारी दुपारी पाळकसाहेब दुकानात आले. स्थूल, बोलका माणूस. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर बसले तेव्हा स्टूल कुरकुरलं.

"हे मोडलं तर दुरुस्तीचे पैसे घेणार नाही ना?" म्हणत त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. "वाचा. या रविवारी प्रभुभोजन आहे. आधी हे मानपत्र, मग उपासना. तीस वर्षं सेवा केलीत, मंडळीला काही नको का करायला?"

मास्तरांनी चष्मा पुसला आणि वाचलं. भाषा छान होती. चौथ्या ओळीत लिहिलं होतं : 'पत्नीच्या अखेरच्या आजारातही त्यांनी देवाच्या घरची सेवा एक दिवस खंडित होऊ दिली नाही.' दफनाच्या वेळी पाळकसाहेब हेच बोलले होते, जवळजवळ याच शब्दांत. उघड्या कबरीपाशी उभ्या असलेल्या चाळीस-पन्नास माणसांनी माना हलवल्या होत्या. मास्तरांना तेव्हापासूनच आतून काही कळेनासं झालं होतं.

"हे वाक्य काढा," ते म्हणाले.

"अहो, तेच तर मुख्य आहे. खरं आहे म्हणून लिहिलंय."

"खरं नाही."

पाळकसाहेब हसले. विनय म्हणून सोडून देणार होते. मास्तरांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि एखाद्या मशीनचा बिघाड समजावून सांगावा तसं सांगितलं.

ऑर्गनच्या प्रत्येक पट्टीखाली एक झडप असते. पट्टी सोडली की स्प्रिंग ती झडप मिटवते आणि सूर थांबतो. स्प्रिंग सैल झाली तर झडप उघडीच राहते, आणि पाय भात्यावर आहेत तोवर तो सूर वाजत राहतो. गेल्या वर्षी मधल्या सप्तकातल्या पंचमाची स्प्रिंग खरोखरच सैल झाली होती. पंधरा मिनिटांचं काम. त्याच आठवड्यात बायकोच्या फुप्फुसाचं निदान झालं. मास्तर संध्याकाळी स्प्रिंग बदलायला गेले. काम झालं. घरी जायला उठले आणि पुन्हा बसले. मग नव्या स्प्रिंगला पकडीत धरून त्यांनी ती वाकवली. पंचम पुन्हा अडकला. उद्याचं काम तयार झालं.

"रोज?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"रविवारपुरता नीट करायचो. सोमवारी पुन्हा वाकवायचो. सहा ते साडेसात. त्या वेळेला तिला धाप जास्त लागायची. मला तो आवाज ऐकवत नव्हता. तिची बहीण बसायची जवळ."

"सात महिने?"

"सात महिने."

"आणि ती गेली तेव्हा..."

"सात वाजून वीस मिनिटांनी गेली. मी स्प्रिंग वाकवत होतो."

रस्त्यावरून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला. पाळकसाहेबांनी कागदाची घडी केली, तिची पुन्हा घडी केली, आणि ती एवढीशी झाली तरी करतच राहिले.

"मी जाईन तिथे सांगत सुटलो होतो," ते म्हणाले. "तरुण जोडप्यांना तुमचं उदाहरण दिलं."

"माहीत आहे. तुम्ही सांगायचात आणि मी गप्प बसायचो."

"बरं." त्यांनी घाम पुसला. "मानपत्र राहू दे. पण रविवारी या. वाजवा."

"वाजवणार नाही. प्रभुभोजनाची भाकरही घेणार नाही. मला तो हक्क राहिलेला नाही."

"राहिलेला नाही म्हणजे? आधी होता?" पाळकसाहेब पहिल्यांदाच जरा चिडून बोलले. "मास्तर, त्या मेजावर हक्काने येणारा माणूस मी अजून पाहिला नाही. तसा नियम लावला तर मलाच बाहेर चपलांपाशी उभं राहावं लागेल. कृपा म्हणतात तिला. तुमच्यासमोर तीस वर्षं हेच बोलत आलो, तुम्ही काय पुढचं गाणं शोधत बसायचात?"

"मला काही वाटत नाही हो. पश्चात्तापसुद्धा होत नाही. नुसतं माहीत आहे."

"वाटण्याचं नंतर बघू." ते उठले. दारात थांबून म्हणाले, "धाकटीला सांगितलंत?"

मास्तरांनी मान हलवली. नाही.

"तिला सांगा. मी त्या खोलीत बसलो नव्हतो. ती बसली होती."

धाकटी म्हणजे बायकोची लहान बहीण. टपाल कचेरीत खिडकीवर बसायची. तिशी-पस्तिशीची सगळी वर्षं त्या खिडकीमागे गेल्यामुळे तिला समोरच्याला एका वाक्यात वाटेला लावायची सवय होती. दर गुरुवारी कामावरून सुटली की ती मास्तरांच्या घरी येऊन ताईचं कपाट आवरायची. तीन महिने झाले तरी कपाट आवरून होत नव्हतं.

त्या गुरुवारी ती चादरी काढून बसली होती.

"भाऊजी, या सहा चादरी एका माणसाला कशाला? दोन ठेवा. आणि हा अभ्रा कुणी असा धुतला? पिवळा पडलाय. तुम्हीच ना?"

"मीच."

"वाटलंच. धरा जरा त्या टोकाला."

मास्तरांनी चादरीचं टोक धरलं. धरूनच सांगितलं. पाळकसाहेबांना सांगितलं होतं त्याच शब्दांत, झडप, स्प्रिंग, पकड. दुसऱ्यांदा सांगताना ते सोपं गेलं, आणि सोपं गेलं याचंच त्यांना जरा नवल वाटलं.

धाकटीने मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाली, "म्हणजे ऑर्गन बिघडला नव्हता."

"पहिल्या दिवशी बिघडला होता."

"भाऊजी, तुम्हाला एक माहीत आहे का? सहा वाजले की ताई मला खिडकी उघडायला लावायची. थंडीतसुद्धा. दोन गल्ल्या पलीकडून तुमचा तो एकच सूर यायचा. पँऽऽ, पँऽऽ. मी म्हणायचे, लावून घेऊ का खिडकी, डोकं उठलं माझं. तर म्हणायची, राहू दे, झालं दुरुस्त की एखादं गाणं वाजवतील." ती थांबली. "सात महिने तिने वाट पाहिली. एका गाण्याची. आणि वर म्हणायची, दोष लागत नाही गं बिचाऱ्यांच्या हाताला. बिचाऱ्यांच्या, भाऊजी!"

मास्तर टोक धरून उभे होते.

"काही बोलणार आहात?"

"काय बोलू?"

"भित्रे आहात तुम्ही. मला वाटायचं, देवभोळे आहात. मी तुमची बाजू घ्यायचे तिच्याकडे. मी!" तिने आपल्या हातातलं टोक सोडून दिलं. चादर जमिनीवर लोळली. "मी गेले."

जिन्यावर तिच्या सँडलचा आवाज खालपर्यंत ऐकू आला. आता रडू येईल, असं मास्तरांना वाटलं. त्यांनी थोडी वाट पाहिली. आलं नाही. मग त्यांनी एकट्याने चादरींच्या घड्या घातल्या. मोठ्या चादरीची टोकं जुळेनात, तेव्हा ती पलंगावर पसरून, चारी बाजूंनी फिरून, हळूहळू जुळवली.

रविवारी ते चर्चला गेले. का गेले हे त्यांना सांगता आलं नसतं. पाळकसाहेब बोलले म्हणून म्हणावं, तर तेही नव्हतं. दाढी झाली होती, शर्टाला इस्त्री होती, घरात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते आत शिरले आणि अगदी मागच्या बाकावर बसले. तिथून चर्च निराळंच दिसत होतं. तीस वर्षं त्यांनी ते ऑर्गनपाशी बसून, एका बाजूने, माणसांच्या गालांवरून पाहिलं होतं. मागून नुसते खांदे आणि टकलं दिसत होती.

शेजारी त्यांचं जुनं गिऱ्हाईक, कोट शिवणारा शिंपी, बसला होता. त्याने नुसती मान डोलावली.

पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा धाकटी घाईघाईने आत आली. जागा फक्त मास्तरांच्या शेजारी होती. तिने सगळ्या बाकांवरून नजर फिरवली, मग येऊन बसली. मध्ये पर्स ठेवली.

उपदेशाच्या आधी पाळकसाहेब म्हणाले, "एका दफनाच्या वेळी मी इथल्या एका माणसाची स्तुती केली होती. पुरतं माहीत नसताना. स्तुती ऐकायला गोड असते, पण ज्याची होते त्याला ती कधी कधी पुरून टाकते. मी त्याची आणि देवाची क्षमा मागतो." इतकंच. काही माना इकडेतिकडे वळल्या. धाकटी सरळ समोर बघत राहिली.

मग प्रभुभोजन आलं, येशूच्या मोडलेल्या देहाची खूण म्हणून भाकर वाटून खाण्याचा विधी. या चर्चची एक रीत होती. भाकरीचं ताट बाकावरून हातोहात जायचं. ज्याच्या हातात ताट, त्याने ते शेजाऱ्यापुढे धरायचं आणि म्हणायचं, 'हे तुझ्यासाठी मोडलेलं आहे.' शेजाऱ्याने तुकडा उचलला की ताट त्याच्या हातात. सकाळी भांडून आलेल्या नवरा-बायकोलाही यातून सुटका नसे, आणि त्यावरून मंडळीत पुष्कळ विनोद चालत. मास्तर मात्र या रांगेत कधी बसलेच नव्हते. त्यांच्यासाठी पाळकसाहेब सगळ्यात शेवटी एक तुकडा ऑर्गनपाशी आणून देत.

तुकडा न घेता ताट पुढे सरकवायचं, एवढं त्यांनी ठरवलं होतं.

ताट धाकटीकडे आलं. तिने आपला तुकडा खाल्ला. ताट घेऊन ती मास्तरांकडे वळली आणि तशीच राहिली. शब्द तिच्या तोंडातून निघेनात. मास्तरांनी ताटाची कड धरली, हलकेच ओढली. तिने सोडली नाही.

"मला नकोय," ते पुटपुटले. "दे पुढे."

पुढच्या बाकावरच्या बाईने मागे वळून पाहिलं. शिंपी खाकरला.

"नकोय म्हणतोय ना," मास्तर म्हणाले.

"तुम्हाला हवंय की नको, हे नाही विचारलं मी." मग टपालाच्या खिडकीवरून बोलावं तशा कोरड्या आवाजात, एकेक शब्द खाली ठेवत ती म्हणाली, "हे. तुमच्यासाठी. मोडलेलं आहे." आणि जरा थांबून, "घ्या आता. हात दुखतोय माझा."

मास्तरांनी तुकडा उचलला. तोंडात घातला. कोरडा होता, टाळूला चिकटला. आत काही उजळलं नाही, काही सुटलं नाही. जबडा हलला आणि भाकर घशाखाली गेली. ते तिच्याकडे बघत होते. ती रडत होती, पण चेहरा चिडलेलाच होता.

ताट आता त्यांच्या हातात होतं. ते तसंच मांडीवर धरून बसले.

"मास्तर," शिंपी कुजबुजला, "मी पण आहे."

मास्तर त्याच्याकडे वळले. काय म्हणायचं ते त्यांना पाठ होतं, पण हे वाक्य त्यांनी कधी स्वतःच्या तोंडाने म्हटलं नव्हतं. "हे," ते म्हणाले, आणि घसा साफ केला, "हे तुझ्यासाठी मोडलेलं आहे." मशीन तयार आहे, घेऊन जा, असं सांगावं तसा आवाज आला. शिंप्याने डोळे मिटून तुकडा घेतला. त्याला त्या आवाजात काही खोट जाणवली नसावी.

उपासना संपल्यावर धाकटी फाटकापाशी छत्रीचं बटण उघडझाप करत उभी होती. ऊन होतं. मास्तर जवळ आले.

"मी माफ केलेलं नाही हां," ती म्हणाली. "उगाच समजून बसाल."

"नाही बसत."

"मघाशी दिलं ते माझं नव्हतं. माझं असतं तर दिलं नसतं."

मास्तरांनी मान हलवली. हे त्यांना कळलं. गेल्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच एखादी गोष्ट ऐकली आणि कळली, असं झालं.

"आणि ते झाकण उघडा एकदाचं," ती म्हणाली. "किती दिवस लोकांनी नुसतं बोंबलायचं?"

"हात चालतील की नाही, माहीत नाही."

"नाही चाललेच, तर सगळ्यांसमोर चुका करा. तेवढी तरी हिंमत दाखवा." तिने छत्री उघडली आणि निघाली.

मास्तर फाटकापाशी थोडे रेंगाळले. मंडळी गटागटाने बाहेर पडत होती. आत पाळकसाहेब एकटेच रिकामी ताटं गोळा करत होते. मास्तर पुन्हा आत गेले, मधल्या वाटेने चालत पुढे आले आणि विचारलं, "पुढच्या रविवारी कोणती गाणी आहेत?"

पाळकसाहेबांनी ताटं खाली ठेवली, खिशातून कागद काढला आणि वाचू लागले. मास्तरांनी शर्टाच्या खिशातली पेन्सिल घेतली आणि गाण्यांचे आकडे लिहून घेतले.