उंटकाकांचं डोकं आणि मी

मित्रांनो, जरा वर बघा. इतकंही वर नको, मी तसा खालीच लटकलेलो आहे. घड्याळदुरुस्तीच्या एका चिंचोळ्या दुकानात, दाराच्या अगदी आत टांगलेला मी एक जुना कॅमेरा. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, एखाद्या बँकेच्या उंच छतावर मिरवेन. नशिबी आला हा गाळा! त्यात मला बसवायला आलेल्या माणसाची वायर कमी पडली. "नवी आणू का?" त्यानं विचारलं. "कशाला? टांग की खालीच," आमचे घड्याळजीकाका म्हणाले. काका स्वतः बुटके, त्यांना काय फरक पडणार? तेव्हापासून उंच गिऱ्हाइकांची डोकी माझ्यावर आपटतात आणि शिव्या मात्र मला बसतात. "वर घ्या हो हा!" असं कुणी म्हटलं की काका म्हणतात, "उद्या घेतो." तो उद्या काही उजाडला नाही.

तसे काका मायाळू. रोज दुकान उघडलं की स्टुलावर चढून मला पुसायचे. पण पुसायचे कशानं, तर घड्याळाचं तेल टिपलेल्या फडक्यानं! मला सगळं जग धुक्यातून दिसायचं.

एका दुपारी काका मागे हात धुवायला गेले. तेवढ्यात एकजण आत शिरला, दुरुस्तीला आलेल्या घड्याळांचा डबा उचलला, क्षणभर वर पाहिलं आणि माझ्या पोटाखालून ताठ मानेनं चालता झाला. काका डोक्याला हात लावून बसले. लोकांची घड्याळं ती! कुणाचं लग्नातलं, कुणाच्या गेलेल्या वडिलांचं.

फौजदार मॅडम आल्या. तरुण, भराभर बोलणाऱ्या, कामाला पक्क्या. माझं चित्रण पाहून त्या खूश झाल्या. "वा! चेहरा मिळाला की!" इतक्या वर्षांत माझं कौतुक कुणी केलं नव्हतं हो, मी फुलून गेलो. मॅडमनी काकांना सांगितलं, की ठाण्यात नवं मशीन आलंय. त्याला चेहरा दिला की ते हजारो फोटो धुंडाळतं आणि मिळताजुळता माणूस काढून देतं. म्हणून चित्रातला नुसता चेहरा कापून त्यांनी मशीनला दिला.

पुन्हा आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक फोटो होता. शाळेच्या व्हॅनच्या ड्रायव्हरचा, लायसन्सवरचा. "काका, मशीननं हा काढलाय. चित्रातला माणूस हाच ना?"

काकांनी डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवलं. "मी माणसाचं मनगट बघतो हो, तोंड कोण बघतं? पण मशीन म्हणतंय म्हणजे असेलच."

"असेलच नको. नीट बघून सांगा."

"हाच... हाच असणार."

झालं! मशीननं माझ्यावर भरवसा ठेवला, मॅडमनी मशीनवर, काकांनी मॅडमवर. आणि माझ्या डोळ्यावर तेलाचा डाग.

ड्रायव्हरना ठाण्यात नेलं. त्यांची बायको चार दिवसांनी सकाळीच दुकानात आली. "काका, ह्यांनी तुमच्या दुकानात कधी पाऊल तरी टाकलंय का? उद्या पुन्हा कोर्टात उभं करणार आहेत. शाळेनं व्हॅन बंद केली. लेकीला वर्गात पोरं चोराची मुलगी म्हणतात हो!" काका खाली मान घालून नुसतं एक घड्याळ पुसत राहिले. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मला तोंडच नाही. मला फार फार वाईट वाटलं.

त्याच दुपारी मॅडम ड्रायव्हरना घेऊन आल्या. बाहेर ही गर्दी! "चल आत. कुठे उभा होतास, दाखव."

"मॅडम, मी नाही हो तो," ड्रायव्हर काकुळतीनं म्हणाले आणि आत शिरले.

ठण्ण! त्यांचं कपाळ थेट माझ्यावर आदळलं. "आई गं!"

"अहो, वाका ना जरा!" काका सवयीनं खेकसले. "सगळे उंच लोक इथंच आपटतात!"

आणि बोलता बोलता काकांचं तोंड उघडंच राहिलं. मॅडम गर्रकन वळल्या. "सगळे?"

"सगळे. कॅमेरा खाली आहे ना. वायर कमी पडली होती."

मॅडमनी लॅपटॉप उघडला. या वेळी चेहऱ्यापाशी न थांबता सगळं चित्रण पाहिलं. चोर आत आला ताठ, बाहेर गेला ताठ, माझ्या पोटाखालून, डोक्यावर वीतभर जागा ठेवून. मग त्यांनी ड्रायव्हरना माझ्याजवळ उभं केलं. उंटच तो! व्हॅनमधली मुलं त्यांना उंटकाका म्हणतात, ते काय उगाच?

"मी मशीनला नुसतं तोंड दिलं," मॅडम हळूच म्हणाल्या. "बाकीचा माणूस बघितलाच नाही." मग सगळ्या गर्दीसमोर त्यांनी हात जोडले. "दादा, मला माफ करा. चूक माझी आहे. शाळेत मी स्वतः येऊन सांगते." आणि त्या खरंच गेल्या. उंटकाका टेंगूळ चोळत लहान मुलासारखे रडले.

खरा चोर पुढे दुसऱ्या दुकानात डब्यातली घड्याळं विकताना सापडला. काकांनी लाजेनं नवी वायर आणली, तर मॅडम म्हणाल्या, "खटला संपेपर्यंत कॅमेरा तसूभरही हलवायचा नाही." घ्या! काकांचा उद्या पुन्हा लांबला.

परवा उंटकाका बायकोला आणि तिचं घड्याळ घेऊन आले. वाकून आत शिरले, माझ्याकडे बघेचनात. बायको म्हणाली, "बघा तरी त्याच्याकडे. त्याच्यामुळेच सुटलात."

"त्याच्यामुळेच अडकलोही होतो."

मग त्यांनी खिशातून स्वच्छ रुमाल काढला आणि माझा डोळा पुसला. त्यांना स्टूल कशाला लागतंय! "आता तरी नीट बघ बाबा," ते म्हणाले.

मित्रांनो, मी माझ्या परीनं नीट बघेन. पण मी दाखवलेला चेहरा पाहून कुणाला चोर म्हणण्याआधी तुम्हीही तो माणूस एकदा पुरता बघा. आणि मला पुसाल तेव्हा कोरडं फडकं घ्या, एवढंच मागणं आहे.