दोरीतला खोकला

"उतरा खाली! पुरं झालं!" मनुबाई पोफळीच्या बुंध्याशी ओरडली. तिच्या हातातली दोरी थरथरत होती. वर शेंड्याला बिलगलेला तिचा नवरा अंबाजी खोकत होता, आणि तो खोकला दोरीतून तिच्या तळहातात उतरत होता.

दिवेआगरात बापूंच्या वाडीतली सुपारी उतरवावी तर अंबाजीनेच. एका पोफळीवर चढायचं, घड कापून दोरीवरून खाली सोडायचे, मग झाड झुलवून शेजारची पोफळ पकडायची. पायाला माती लागायची ती रांग संपल्यावरच. कानामागची विडीसुद्धा तो शेंड्यावरच ओढायचा. ऐट तरी किती!

पन्नाशी उलटली आणि दम लागू लागला. म्हसळ्याच्या डॉक्टरने छातीला नळी लावली. "वयाने दम थोडा कमी होतोच. तुझा विडीने फार आधी खाल्ला. सोड ती." अंबाजीने त्याच दिवशी विडी सोडली. पण डॉक्टरचं पुढचं बोलणं त्याच्या कानात शिरलंच नाही: विडी सोडली तर उरलेला दम टिकेल, गेलेला परत येणार नाही. काढलेले केस पुन्हा येतात तसा दमही येईल, अशी त्याची समजूत. मनुबाईने सगळं ऐकलं होतं. पण तो इतक्या आशेने वाट पाहत होता, की तिच्याने सांगवलंच नाही.

आता तिचं न ऐकता त्याने झाड झुलवलं. शेजारची पोफळ जवळ आली, दूर गेली, पुन्हा आली. पकडायला हात काही उचलेना. तो घसरत खाली आला आणि मातीतच बसला. ओठ निळे पडले होते.

"इडी सोडली ना मी?" तो धापा टाकत म्हणाला. "मंग दम का येत न्हाय?"

मनुबाईला रडू आवरेना.

बापूंनी त्याला कामावरून काढलं नाही. खाली दोरी धरायला ठेवलं. दुसऱ्या दिवशी गावातला तरणा सदू वर चढला. या शेंड्यावरून त्या शेंड्यावर जाऊ लागला. मनुबाईशेजारी दोरी धरून अंबाजी मान वर करून बघत राहिला. आपलंच काम त्याने जन्मात कधी खालून पाहिलं नव्हतं.

"मी असाच दिसायचो?"

"तुमी लय बेस दिसायचात."

तो हसायला गेला आणि खोकला उसळला.

"दोरी का हालतेय?" सदूने वरून विचारलं.

मनुबाईने दोरी आपल्या हातात घेतली.

"माजा हात हालला रं," ती म्हणाली. "तू काप."